भिंतीतला साइडबोर्ड

सामान परत आणायला जाताना गाडीत कुणी बोलत नाही, हे करुणाला ठाऊक होतं. लग्नाला जाताना सगळे एकदम बोलतात, मौतीला जाताना निदान रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल तरी बोलतात. मुलीचा मोडलेला संसार उचलायला निघालेली माणसं मात्र खिडकीबाहेर बघत बसतात. पुढं शाकीरचा टेंपो आणि मागं करुणाच्या मुलाची, संघर्षची गाडी. गाडीत करुणा, तिचा नवरा नवनाथ आणि मागच्या सीटवर दीक्षा, जिचा संसार होता ती. पंचाऐंशी वर्षांचे आबा मात्र नातवाच्या गाडीत बसायला तयार झाले नव्हते. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ते टेंपोत शाकीरशेजारी बसले.

"मी टेंपोतच जानार, आन् माझ्या वस्तूसंगं येनार," एवढंच म्हणाले.

वस्तूसंगं. नातीसंगं नाही. करुणाला सासऱ्यांचं ते बोलणं चौफुल्याला लागलं आणि न्हावरा मागं पडलं तरी लागतच राहिलं.

तिचं आणि आबांच्या त्या साइडबोर्डचं पहिल्यापासून वाकडं होतं. नवी नवरी म्हणून दौंडच्या घरात आली, तेव्हा पिठाचा डबा कुठं आहे हे सांगायच्या आधी सासूनं, जाईबाईनं, साइडबोर्ड कसा पुसायचा ते शिकवलं होतं. ओलं फडकं नाही, सुकं, आणि रेघेच्या दिशेनं. त्यावर गरम कप ठेवला म्हणून आबांनी नवनाथच्या लहानपणी त्याच्या थोबाडीत मारली होती, आणि ती गोष्ट नवनाथ अजून कौतुकानं सांगायचा. ह्या घरात माणसं लाकडाच्या चाकरीला आहेत, असं करुणाचं जुनं मत होतं.

लाकूड होतं मात्र देखणं, हे तिनं मनात कधीच नाकारलं नाही. गावच्या सुतारांनी महारवाड्यातल्या पोराच्या हातात रंधा दिला नाही, तेव्हा दौंडच्या खुर्शिद मिस्त्रींनी दिला. शाकीर त्यांचाच पणतू. त्या रंध्यावर मच्छिंद्र, म्हणजे आबा, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात सुतार झाले, आणि बासष्ट साली एका साहेबानं त्यांना बंगल्यासाठी साइडबोर्ड सांगितला. रेल्वेच्या माणसाची दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि प्रत्येक बदलीत खिळे ठोकलेलं फर्निचर खिळखिळं होतं, हे आबांनी पाहिलेलं होतं. त्यांनी स्वतः कागदावर काढलं ते बदलीचं कपाट. लांब, बुटकं, बारीक पायांचं. दारं जुन्या डब्यांच्या खिडक्यांसारखी, बारीक पट्ट्यांची, सरकणारी. खिळा नाही, सरस नाही. सहा फुटांची वरची फळी एकाच सागाची, अख्खी. तिची टोकं आणि खालच्या फळीची टोकं दोन्ही बाजूंच्या तक्त्यांतून आरपार बाहेर यायची आणि बाहेरून त्यांत पाचरी ठोकलेल्या असायच्या. चार पाचरी काढल्या की सगळं सुटं. नव्या गावी गेल्यावर चार पाचरी मारल्या की पुन्हा उभं. साहेबाच्या बायकोनं ते घरात घेतलं नाही. का, ते आबांनी कधी सांगितलं नाही, आणि घरात कुणाला विचारावंही लागलं नाही. साइडबोर्ड जाईबाईच्या एका खोलीत आला आणि निम्मी खोली खाऊन बसला.

चार वर्षांपूर्वी दीक्षाच्या लग्नात आबांनी तो तिला दिला. नवनाथ आठवडाभर बापाशी बोलला नव्हता. संघर्षनं तर बहिणीला तोंडावर सांगितलं होतं की तो नातवाचा हक्क आहे. आणि आता, मागच्याच महिन्यात, पुण्याच्या एका कॉलेजातले दोघं मास्तर दौंडला आले, आबांना डिझायनर म्हणाले, त्यांच्या पाया पडले आणि प्रदर्शनासाठी साइडबोर्ड मागून गेले. आबांनी आयुष्यभरात केलेल्या कामातलं तेवढंच एक शिल्लक होतं. नवनाथनं ही बातमी अर्ध्या दौंडला सांगितली. उरलेल्या अर्ध्याला सांगायची म्हणून तो आज नवा शर्ट घालून आला होता.

शिरूरला दीक्षाच्या नवऱ्याच्या, विश्वजीतच्या दारात जय भीम झाले, पाणी आलं, आणि सगळे एकमेकांच्या डोळ्यांत न बघता कामाला लागले. रीत सगळ्यांना पाठ होती. मुलीकडच्यांनी एका खेपेत सगळं उचलायचं. मग दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी उंबऱ्यात उभं राहून म्हणायचं, काही राहिलं नाही. ते म्हटलं की कागदावर सह्या. कोर्ट पुढं त्याच्या गतीनं चालतं, पण माणसांच्या लेखी संबंध त्या उंबऱ्यात तुटतो. त्यासाठीच विश्वजीतचे चुलते दगडोबा डोक्याला फेटा बांधून खुर्चीवर बसले होते आणि वकिलाचा कागद टीपॉयवर पेपरवेटखाली होता.

"पितळी घागर," करुणा आठवून आठवून म्हणत होती. "मिक्सर. गादी. ती न्हाई, निळी."

विश्वजीतची आई सगुणाबाई एकेक वस्तू आणून देत होती. घागर देताना तिनं पदरानं ती पुसली, आणि करुणाला तेवढ्यापुरती तिची दया आली. ही बाई दीक्षाला कधी उणंदुणं बोलली नव्हती. बोलायला हवं होतं तेव्हाही ती गप्प बसली, एवढाच तिचा गुन्हा.

मग दीक्षा मधल्या खोलीत गेली आणि दारातच थांबली.

"आई," ती म्हणाली. "आबांना आत येऊ देऊ नकोस."

पण आबा तिच्या मागंच होते.

खोलीच्या लांब भिंतीत साइडबोर्ड चिणला होता. दोन्ही टोकांना विटांचे खांब, प्लॅस्टर करून पिस्ता रंग दिलेले, आणि ते खांब पुढून चार-चार बोटं लाकडावर चढलेले. वर काळी ग्रॅनाईटची लादी आणि लादीवर टीव्ही. मधून पट्ट्यांची दारं तेवढी दिसत होती.

आबा जवळ गेले. वीट आणि लाकूड जिथं भेटत होतं तिथं त्यांनी अंगठ्याचं नख घालून पाहिलं. नख गेलं नाही.

"कवा केलंस ह्ये?"

"दिवाळीत," विश्वजीत म्हणाला. रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर असलेला, चांगल्या अंगलटीचा, हळू बोलणारा माणूस. ओरडणारा असता तर करुणाला त्याचा राग करणं सोपं गेलं असतं. "शोकेस जरा हलत होती आबा. म्हटलं पक्की करून घ्यावी. दीक्षा आली की तिला बरं वाटंल."

"हलत नव्हता त्यो."

"हलत होती."

"पोरा, त्यो हलत न्हाई," आबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज तेवढा एकदाच चढला. "पाचरी कुठं हायत?"

विश्वजीतनं खांबांकडं मान केली. आत.

दीक्षा श्रावणात माहेरी आली होती आणि दिवाळीत विश्वजीत खांब बांधत होता.

संघर्ष टेंपोत सामान ठेवून धावत आला. "काय नाही, दोन खांब आहेत. छिन्नी-हातोडी आणतो, अर्ध्या तासात पाडू."

"भिंतीला हात लावायचा न्हाई," विश्वजीत शांतपणे म्हणाला. "घर आईच्या नावावर हाय. लाकूड तुमचं, नेऊ शकता. भिंत आमची."

सगळ्यांनी सगुणाबाईकडं पाहिलं. ती दीक्षाकडं बघत होती.

"नवी भिंत हाय," सगुणाबाई म्हणाली. "मी फोडू द्यायची न्हाई."

करुणाला कळायचं ते कळलं. बाईला विटांचं काही पडलं नव्हतं. सून राहावी म्हणून ती भिंतीच्या बाजूला उभी राहिली होती.

"मग राहू दे इथंच," दीक्षा म्हणाली. "मला नको तो. मी सोडला. आण कागद."

"अशी कशी सही करू?" विश्वजीतनं हात मागं बांधले. "सामान अर्धं इथं, आन् सह्या? उद्या तुम्हीच म्हणाल, आमचं दाबून ठेवलं. काका, सांगा तुम्ही."

दगडोबांनी फेटा सारखा केला. ते वाईट नव्हते, पण न्याय द्यायची संधी रोज मिळत नसल्यानं जरा सावकाश बोलायचे. "रीत रीतच असती पावणं. चमचा जरी ऱ्हायला तरी संबंध ऱ्हायला. ह्यो तर एवढा मोठा ऐवज. म्या उंबऱ्यात उभं ऱ्हाऊन खोटं कसं बोलू?"

"मग कोर्टात बघू," संघर्ष म्हणाला.

"बघा की. नोटिसा येतील, तारखा पडतील. मी कुठं पळून चाललोय?" विश्वजीत म्हणाला. "मी तर म्हणतो, घाईच काय? शोकेस इथं हाय, घर इथं हाय. दीक्षानं यावं, सहा महिने राहून बघावं. माझी चूक मला कळली."

आणि इथं नवनाथनं खाली बघितलं. करुणानं त्याच्यासोबत उभा जन्म काढला होता. तो खाली कधी बघतो ते तिला ठाऊक होतं.

"सहा महिनं म्हंजी काय लई न्हाईत," नवनाथ अंदाज घेत म्हणाला. "माणूस चुकतो. सुधारतो. आन् आबांची वस्तू अशी मोडण्यापरीस..."

"पप्पा!" संघर्ष म्हणाला.

"तू गप रं. पुण्याची माणसं येणार हायत त्यासाठी. दीक्षा हितं ऱ्हायली तर खांबबी निघत्यान सबुरीनं. व्हय का न्हाई जावईबापू?"

"निघतील की," विश्वजीत म्हणाला. "घरचीच गोष्ट हाय मग."

करुणाला कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. एका वाक्यात तिच्या नवऱ्यानं पोरगी आणि लाकूड एका काट्यात टाकलं होतं, आणि काटा कुठं झुकला हेही त्याला दिसलं नव्हतं.

"मी सांगू का तुमाला काय चुकलं त्याचं?" ती म्हणाली. तिला आपला आवाज अनोळखी वाटला. "हितं सगळ्यांच्या म्होरं सांगते. ड्यूटीला जाताना ह्यो बाहेरनं कुलूप लावायचा. माझ्या लेकीला. विहीणबाई गावाकडं गेल्या की रोज. मोबाईल खिशात घालून न्यायचा. एकदा गॅसचा वास सुटला, पोरगी खिडकीतनं वरडली, शेजारच्या पोरांनी कडीकोयंडा तोडला. आल्यावर ह्येनं काय केलं? कोयंडा नवीन आणला. ह्ये सहा महिन्यांत सुधारायचंय?"

"आता नाही लावत कुलूप," विश्वजीत म्हणाला. "आत हाय कोण?"

कुणी हसलं नाही. तो हसवायला बोललाही नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि करुणाला त्याची भीती वाटली.

ती आबांकडं वळली. आता एकच माणूस उरला होता, ज्याचा शब्द नवनाथ मोडत नव्हता. आबा साइडबोर्डसमोर जमिनीवर बसले होते. पट्ट्यांच्या दारावर त्यांनी तळवा ठेवला होता. आता हा माणूस काय म्हणणार ते करुणाला ठाऊक होतं. थांबू म्हणेल. घाई नको म्हणेल. कपाच्या डागासाठी पोराच्या थोबाडीत मारणारा माणूस आहे. दीक्षालाही ते ठाऊक असावं, कारण तिनं आजोबांकडं पाहिलंसुद्धा नाही. ती दाराला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती.

"शाकीर," आबांनी हाक मारली. "त्यो टीव्ही काढ तेवढा. आन् वरची लादी उचलून बघ, चिकटवलीय का नुसती ठिवलीय."

लादी नुसती ठेवलेली होती. शाकीर आणि संघर्षनं ती उचलून भिंतीला लावली. खालून सहा फुटांची सागाची फळी उघडी पडली. खिडकीतल्या उजेडात तिच्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसत होत्या.

"लाकूड आमचं म्हनला न्हवं?" आबांनी विश्वजीतला विचारलं.

"व्हय."

"त्याचं आमी काय बी करू?"

विश्वजीतनं खांदे उडवले.

आबांनी पिशवीतून करवत काढली. फळीच्या मध्यावर अंगठा ठेवला. वीतभर इकडं, वीतभर तिकडं मापलं. मग दोन्ही खुणांवर पेन्सिलीची एकेक उभी रेघ ओढली.

नवनाथला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो धावलाच. "आबा! आबा, खुळं झालात का? अख्खी फळी हाय ती! तुम्हीच सांगायचा, अशी फळी परत मिळायची न्हाई म्हणून! पुण्याची माणसं येनार हायत!"

"येऊ दे. च्या दे त्यास्नी."

"अवो, परत जोडता येनार न्हाई!"

"मला सांगतूस व्हय?" आबा म्हणाले. "सर म्होरनं."

करवत लागली. पहिले दोन-तीन ओढे घसरले, मग दाते बसले आणि खोलीत सागाचा वास सुटला. साठ वर्षं जुन्या लाकडाला अजून वास होता. दगडोबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. करुणा उभी होती तिथंच भिंतीला धरून राहिली. ती ह्या माणसाला ओळखत होती असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

निम्म्यावर आबांचा हात थांबला. खांदा वर येईना. त्यांनी डावा हात लावून बघितला, मग कपाळ फळीवर टेकवून दम खाल्ला.

"आबा, कटर आणू? मशीन आहे गाडीत," संघर्ष हळूच म्हणाला.

"मशिनीनं फाटंल कडंनं."

आता फाटलं काय आणि न फाटलं काय, असं कुणीही म्हटलं असतं. संघर्ष म्हणाला नाही.

दीक्षा दारातून निघाली. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि आजोबांच्या हाताखालून करवतीची मूठ घेतली.

"द्या इकडं. मला दाखवा."

"दाबू नगं," आबा म्हणाले. त्यांनी तिचं मनगट धरलं. "दाबलं की अडकती. तू नुसतं वढायचं. जाताना तिला जाऊ द्यायचं, येताना वढायचं. हां. आता बघ कशी जाती."

फळी शेवटाला आली तशी मधून खचायला लागली. खचली असती तर दोन्ही बाजूंना चीर गेली असती. नवनाथ तोंड फिरवून खिडकीशी उभा होता. त्यानं आवाजावरून ते ओळखलं. तो आला, गुडघ्यावर बसला, आणि नव्या शर्टाचा खांदा फळीखाली दिला.

"वढ," तो लेकीला म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यानं त्याला ते पुसता येत नव्हतं. "वढ बाई. मी धरलंय."

करुणानं त्याला तिथल्या तिथं निम्मं माफ केलं. निम्मं घरी गेल्यावर बघणार होती.

मग दुसरी रेघ, मग खालची फळी, मग पाठ. मधला तुकडा काढला, आणि दोन्ही अर्धी त्या मोकळ्या जागेकडं सरकवून, खांबांच्या मागून सोडवून, एकेक करून बाहेर काढली. पुसून उजळ केलेली पन्नास-साठ वर्षं बाहेर येताना विटांवर घासली आणि लांब पांढरे ओरखडे उमटले. टेंपोत दोन्ही अर्धी शाकीरनं निळ्या गादीवर ठेवली.

"झालं," संघर्ष टीपॉयवरचा कागद उचलत म्हणाला. "आता सही करा."

विश्वजीत रिकाम्या कोनाड्यासमोर उभा होता. त्याचा चेहरा पडला होता. पण तो वाकला, डाव्या खांबाच्या आत मोबाईलचा उजेड पाडला आणि पुन्हा सरळ झाला.

"एक पाचर राहिली," तो म्हणाला.

खरंच राहिली होती. ओढताना तीन पाचरी लाकडाबरोबर आल्या होत्या, चौथी सिमेंटमध्ये बसून तिथंच उरली होती. करंगळीएवढं तिचं टोक दिसत होतं.

"विश्वजीत," दगडोबा म्हणाले. "आता पुरं कर."

"तुम्हीच म्हणाला काका. चमचा जरी राहिला तरी." तो हळू बोलत होता, जवळजवळ विनवत होता. "मी काय वेगळं म्हणतोय? राहिलंय तिचं सामान. राहिलंय इथं."

दीक्षा जमिनीवर बसली. रडली नाही, नुसती बसली. आंबलेला उजवा हात तिनं मांडीवर ठेवला होता.

सगुणाबाई स्वयंपाकघरात गेली. आली तेव्हा तिच्या हातात खलातला लोखंडी बत्ता होता. तिनं लेकाला खांद्यानं बाजूला केलं आणि नव्या खांबावर बत्ता घातला. पहिल्या घावाला पिस्ता रंगाचा पापुद्रा उडाला. तिसऱ्याला वीट हलली. बाई सत्तरीच्या घरात होती, पण हात उखळाचा होता. विश्वजीत "आई" म्हणाला, दोनदा म्हणाला, पण तिनं मान वर केली नाही. विटेचे दोन तुकडे खाली पडले तेव्हा तिनं त्यातून पाचर उपसून काढली, पदराला पुसली आणि दीक्षाच्या मांडीवरच्या हातात ठेवली.

"ऊठ बाई," ती म्हणाली. "जा."

मग टीपॉयकडं गेली, पेन उचललं आणि लेकासमोर धरलं. त्यानं सही केली. दगडोबा उंबऱ्यात उभे राहिले. "काही राहिलं न्हाई," ते म्हणाले, आणि नवनाथही त्यांच्याशेजारी उभा राहून तेच म्हणाला.

करुणा सगुणाबाईच्या समोर गेली. तिला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी तिची वेणी धरून ओढावीशी वाटत होती.

"ह्योच बत्ता मघाशी घ्यायचा हुता विहीणबाई," ती म्हणाली. "वाचला असता की त्यो."

"व्हय," सगुणाबाई म्हणाली. "घ्यायचा हुता." तिच्या पापण्यांवर सिमेंटची धूळ बसली होती. ती पुसायचंही तिला सुचलं नव्हतं.

बाहेर शाकीर दोर बांधत होता. आबा टेंपोच्या मागच्या फळीला धरून उभे होते. कापलेल्या जागी पांढुरकं, ताजं लाकूड दिसत होतं, आणि ते त्याच्यावरून बोट फिरवत होते. दीक्षा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. करुणा दोन पावलं मागं थांबली, पण तिला सगळं ऐकू आलं.

"आबा," दीक्षा म्हणाली. "लई वाईट वाटतंय का?"

आबांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"लई," ते म्हणाले. "लई वाईट वाटतंय पोरी." त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि तिचा आधार घेत संघर्षच्या गाडीच्या दाराकडं वळले. "म्हनून काय तुला ठिवून जाऊ?"